खिशातला झूम कॅमेरा: रोजच्या सेटिंग्ज ठरवताना प्रकाशाचा हिशेब

मोबाइलने छायाचित्रणाची बहुतेक कामे स्वतःकडे ओढून घेतल्यानंतरही ऐरोलीच्या खाडीकाठी, सीवूड्सच्या डीपीएस तळ्याशेजारी किंवा येऊरच्या पायवाटांवर खिशात मावणारा झूम कॅमेरा घेतलेली माणसे दिसतात. त्यामागचे कारण साधे आहे: भिंगे पुढे-मागे सरकवून मिळणारी तीसपट पोहोच मोबाइलच्या जाडीत बसवता येत नाही. मात्र असा कॅमेरा विकत घेऊन त्याचा मेनू उघडला की पर्यायांची लांबलचक यादी समोर येते आणि बहुतेक जण मोड निवडायची चकती ‘ऑटो’वर ठेवून देतात, ती पुन्हा कधी हलत नाही. त्या यादीतले मोजकेच पर्याय रोजच्या वापरात कामाचे असतात आणि त्या सर्वांचा संबंध एकाच प्रश्नाशी असतो: लेन्समधून आत येणारा तोकडा प्रकाश कशावर खर्च करायचा.

हा प्रकाश तोकडा का असतो, हे आधी पाहू. या वर्गातील बहुतेक कॅमेऱ्यांत १/२.३ इंच या नावाने ओळखला जाणारा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, असतो. नावात इंच असले तरी त्याचे खरे माप साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर भरते. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यातील फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो; त्याचे क्षेत्रफळ या चिमुकल्या सेन्सरच्या तीसपट आहे. सेन्सर लहान असल्यामुळेच लेन्स लहान ठेवता येते आणि कॅमेरा खिशात मावतो; पण त्याच कारणाने एकूण गोळा होणारा प्रकाशही कमी असतो. तो कमी पडला की छायाचित्रात वाळूसारखे दाणे दिसू लागतात, ज्यांना नॉइज म्हणतात, आणि ते पुसण्याच्या प्रयत्नात कॅमेरा केसांचा, पिसांचा, साडीच्या विणीचा बारीक तपशीलही पुसून टाकतो.

झूम ही अडचण आणखी वाढवतो. तीसपट झूम असलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर बहुधा २४ ते ७२० मिलिमीटर आणि एफ ३.३ ते ६.४ अशा अर्थाचे आकडे सांगितलेले असतात. पहिली जोडी दृश्य किती रुंद किंवा किती जवळ दिसेल हे ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात सांगते. दुसरी जोडी लोक सहसा वाचत नाहीत, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. एफचा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, तुलनेने लहान. आणि प्रकाश त्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे झूम पूर्ण बाहेर काढल्यावर, ३.३ वरून ६.४ वर जाताना, आत येणारा प्रकाश जवळपास चौथाईवर येतो. त्याच वेळी दृश्य तीसपट मोठे झाल्याने हाताचा कंपही तीसपट मोठा होतो. थोडक्यात, शटर, म्हणजे सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडेल हे ठरवणारा पडदा, अधिक वेगाने उघडून मिटावे अशी गरज जिथे सर्वांत जास्त असते, नेमका तिथेच प्रकाश सर्वांत कमी मिळतो. पुढच्या जवळजवळ सर्व सेटिंग्ज ही कोंडी सोडवण्यासाठी आहेत.

ही कोंडी आकड्यांत मांडून पाहू. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात (२०१५ साली ते घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला) हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी, सूर्य बऱ्यापैकी वर आल्यानंतर, पूर्ण झूमवर एफ ६.४ आणि आयएसओ (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा याचे माप) १०० असताना शटर स्पीड ढोबळमानाने सेकंदाचा १/६०० भाग मिळतो. चिखलात उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजेच फ्लेमिंगोंसाठी, हा वेग पुरेसा आहे. थवा उडाला तर १/१००० किंवा त्याहून अधिक वेग हवा, आणि तो आयएसओ २०० केल्यावर मिळतो. इथपर्यंत कॅमेरा सुखात असतो. आता आकाश ढगाळले किंवा खाडीवर धुरकट थर आला तर प्रकाश सहज चार ते आठपट घटतो, आणि उडता थवा टिपण्यासाठी आयएसओ ८०० किंवा त्याच्याही वर जावे लागते. रात्री ठाण्याच्या तलावपाळीच्या, म्हणजे मासुंदा तलावाकाठच्या, दिव्यांखाली तोच कॅमेरा पूर्ण झूमवर धरला, तर आयएसओ ८०० वरही शटर सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या भागापर्यंत उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात चालणारा माणूस पुसट सावलीसारखा उमटतो. दिवस तोच, कॅमेरा तोच, पण झूम वापरावा की नाही याचे उत्तर प्रकाशाप्रमाणे बदलते.

म्हणून आयएसओ पूर्णपणे कॅमेऱ्यावर सोपवू नये. त्याला वरची मर्यादा घालून द्यावी. आयएसओ म्हणजे सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढवायचा याचे माप. तो दुप्पट केला की निम्म्या प्रकाशात काम भागते, पण दाणेही वाढतात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘ऑटो आयएसओ’ची कमाल मर्यादा ठरवता येते. या लहान सेन्सरसाठी दिवसा ८०० आणि संध्याकाळनंतर १६०० ही मर्यादा मला योग्य वाटते. ३२०० वरचे छायाचित्र मोबाइलच्या पडद्यावर चालून जाते, मात्र छापण्याच्या लायकीचे क्वचितच राहते. खोक्यावर ६४०० किंवा १२८०० असे आकडे लिहिलेले असतात, ते जाहिरातीसाठी असतात असे समजावे.

शटर स्पीडच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत फार होते. हात हलल्यामुळे येणारा पुसटपणा वेगळा आणि समोरची वस्तू हलल्यामुळे येणारा पुसटपणा वेगळा. हातासाठी जुना ठोकताळा असा, की झूमचा आकडा जितका, तितकाच सेकंदाचा भाग: ७२० मिलिमीटरवर किमान १/७२०. कॅमेऱ्यातील ऑप्टिकल स्थिरीकरण लेन्समधील एक भिंग हाताच्या उलट दिशेने सूक्ष्म हलवून हा कंप खोडून काढते, आणि त्यामुळे आठपट सवलत धरली तर १/९० वरही स्पष्ट चित्र मिळू शकते. ही सुविधा हातात कॅमेरा असताना नेहमी चालू ठेवावी. पण स्थिरीकरण फक्त कॅमेऱ्याचा कंप थांबवते; समोरचे मूल धावत असेल तर त्याच्यावर या सुविधेचा काहीही परिणाम होत नाही. गप्पा मारत बसलेल्या माणसांना १/१२५, खेळणाऱ्या मुलांना १/२५०, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत ढोलावर पडणाऱ्या टिपरूला १/५००, असा अंदाज मनात पक्का असला की बाकीचे सोपे होते. काही कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओबरोबर किमान शटर स्पीडही ठरवता येतो. तो १/१२५ वर ठेवला की घरगुती कार्यक्रमांतील पुसट चेहऱ्यांची तक्रार बरीच कमी होते. उलट काही वेळा पुसटपणा मुद्दाम हवा असतो. टिपरू १/३० वर टिपले तर वादक स्थिर आणि हात धूसर असे चित्र येते, आणि ढोलाचा जोर त्यात जास्त जाणवतो.

अ‍ॅपर्चरबद्दल मोठ्या कॅमेऱ्यांसाठी लिहिलेले सल्ले या कॅमेऱ्याला जसेच्या तसे लावू नयेत. निसर्गदृश्यासाठी एफ ८ किंवा एफ ११ वापरा, हा त्यांतला सर्वांत जास्त ऐकू येणारा सल्ला. इथे लेन्सची खरी लांबी, रुंद बाजूला, अवघी ४.३ मिलिमीटर असते. एफ ३.३ वर साधारण एक मीटर अंतरावर फोकस असला तरी अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. म्हणजे छिद्र लहान करून जे मिळवायचे ते आधीच मिळालेले असते. छिद्र लहान केल्याने नुकसान मात्र नक्की होते. प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो, आणि एफ ८ वर एका बिंदूचा ठिपका सुमारे १० मायक्रॉनचा होतो, तर या सेन्सरवरील एक पिक्सेल सव्वा मायक्रॉनच्या आसपास असतो. परिणामी संपूर्ण चित्रच किंचित मऊ पडते. त्यामुळे छिद्र शक्य तितके उघडे ठेवावे आणि पार्श्वभूमी धूसर करण्याची अपेक्षा रुंद बाजूला ठेवू नये. धूसर पार्श्वभूमी हवीच असेल तर माणसाला झाडापासून चांगले दूर उभे करावे, स्वतः मागे सरकावे आणि झूम करावा. पूर्ण झूमवर वीस मीटर अंतरावरच्या पक्ष्याच्या पुढे-मागे मिळून दीड मीटरच्या आसपासचाच पट्टा स्पष्ट राहतो.

या सगळ्यामुळे चकती रोजच्यासाठी कुठे ठेवावी, याचे माझे उत्तर ‘पी’, म्हणजे प्रोग्राम, असे आहे. पी मध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर कॅमेरा ठरवतो, पण आयएसओची मर्यादा, फोकसची जागा, फ्लॅश आणि उजळपणा आपल्या हाती राहतात. ऑटोमध्ये यांतील बऱ्याच गोष्टींना कुलूप असते. हलणाऱ्या विषयासाठी ‘एस’ किंवा काही कॅमेऱ्यांवर ‘टीव्ही’ नावाने असलेला शटरप्रधान मोड, ज्यात शटर स्पीड आपण ठरवतो, घ्यावा. पूर्ण मॅन्युअलची गरज रोजच्या कामात क्वचितच पडते. पदार्थ, पाळीव प्राणी, सूर्यास्त अशी चित्रे असलेले ‘सीन मोड’ कॅमेरा विकायला उपयोगी पडतात, त्याहून अधिक नाही. अपवाद एकच: हातात धरून रात्रीचे दृश्य टिपण्याचा मोड. त्यात कॅमेरा एकामागोमाग अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करतो आणि दाणे कमी होतात. मोबाइल हेच काम अधिक सफाईने करतो, हेही मान्य करायला हवे. मासुंदा तलावाचे रात्रीचे रुंद दृश्य हवे असेल आणि मोबाइल बरा असेल तर कॅमेरा खिशातच राहू द्यावा.

उजळपणा आपल्या हाती ठेवणारे बटण म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. अधिक आणि उणे अशी खूण असलेले. ते एक बटण नीट वापरता येणे हे उरलेल्या सगळ्या मेनूपेक्षा मोलाचे आहे. कॅमेऱ्याला समोर काय आहे हे कळत नाही. दृश्याची सरासरी मध्यम राखाडी उजेडाची आहे असे गृहीत धरून तो प्रकाश मोजतो. काळसर चिखलावर उभा असलेला पांढरा बगळा त्यामुळे जास्त उजळून निघतो, पिसांचा तपशील जातो आणि पांढरा डाग उरतो. तिथे उणे २/३ किंवा उणे १ हवे. वाशीच्या सागर विहारवर मागे चकाकणारे पाणी आणि आकाश ठेवून कुटुंबाला उभे केले तर कॅमेरा आकाशाकडे पाहून उजेड कमी करतो आणि चेहरे काळे पडतात. तिथे अधिक २/३ ते अधिक १ हवे. दोन्हींत उणे बाजूला चूक होऊन चित्र काळसर आले तर थोडी दुरुस्ती शक्य असते, पण जेपेग, म्हणजे नेहमीच्या फाइलच्या, चित्रात पूर्ण पांढरा झालेला भाग परत आणता येत नाही. म्हणून शंका असेल तिथे थोडे कमी उजळ घ्यावे. पडद्यावर हिस्टोग्रामचा आलेख (डावीकडे काळोखे, उजवीकडे उजळ भाग किती ते सांगणारा) दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. भर उन्हात पडदा नीट दिसत नसताना तो आलेख उजव्या कडेला चिकटला आहे का, एवढे पाहिले तरी काम होते.

शाळेचे स्नेहसंमेलन ही या बटणाची खरी परीक्षा असते. ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात मधल्या रांगेत बसलेल्या पालकाला रंगमंचाचा बहुतांश भाग अंधारा आणि मधोमध प्रखर झोतात उभे असलेले मूल दिसते. कॅमेरा अंधाराची सरासरी काढतो आणि मुलाचा चेहरा पांढराफटक करून टाकतो. उणे १ लावावे, किंवा प्रकाशमापन ‘स्पॉट’वर नेऊन चेहऱ्यावरच मोजावे; आयएसओ १६०० आणि शटर १/१२५ च्या आसपास ठेवून झूम मध्यम ठेवावा, कारण पूर्ण झूमवर प्रकाश पुरत नाही. फ्लॅश बंद असलाच पाहिजे. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश साधारण तीन-चार मीटरपर्यंतच पोहोचतो; त्यामुळे पंधरा मीटरवरचे मूल उजळत नाही, पुढच्या रांगेतली डोकी मात्र लखलखीत येतात. फोकसला मदत करणारा तांबडा-नारिंगी दिवा आणि बीप आवाजही बंद ठेवावेत, शेजाऱ्यांचा विचार करून. फ्लॅशचा खरा उपयोग दुपारच्या उन्हात होतो: डोळ्यांखाली पडलेल्या काळ्या सावल्या दोन मीटरवरून उजळवायला तो अगदी पुरेसा असतो.

सभागृहांत आणखी एक अडचण येते, ती म्हणजे चित्रावर आडवे काळे पट्टे. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने अनेक एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात, आणि डोळ्यांना ते कळत नाही. शांत छायाचित्रणाच्या मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर वापरले जाते. ते सेन्सर एकेका ओळीने वाचते, त्यामुळे काही ओळी तेज क्षणी तर काही मंद क्षणी टिपल्या जातात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणले की पट्टे बहुधा जातात. व्हिडिओसाठीही याच कारणाने सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमचा पर्याय निवडावा, ३० किंवा ६० चा नाही.

फोकसचे क्षेत्र माणसांसाठी ‘चेहरा ओळख’ आणि बाकी सर्वांसाठी मधला एक लहान चौकोन असे ठेवावे. अनेक बिंदूंचा आपोआप फोकस बहुधा सर्वांत जवळची किंवा ठळक वस्तू पकडतो, आणि कांदळवनात ती नेहमी पक्ष्यापुढची फांदी असते. चौकोन पक्ष्यावर ठेवून बटण अर्धे दाबावे, फोकस लागल्याची हिरवी खूण पाहावी, मग तसेच धरून चौकट जुळवावी. पूर्ण झूमवर पक्षी सापडतच नसेल, तर त्यात नवल नाही: ७२० मिलिमीटरवर दृश्याची रुंदी जेमतेम तीन अंश असते. आधी थोडा रुंद झूम ठेवून पक्षी मध्यभागी आणावा आणि मग झूम वाढवावा. दुपारी खाडीच्या तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते तेव्हा दूरची चित्रे कोणत्याही सेटिंगने स्पष्ट येत नाहीत. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून सकाळची वेळ साधणे हाच त्यावर उपाय.

डिजिटल झूम बंद करावा. तो नवीन काही टिपत नाही. मधला भाग कापून ताणतो, आणि ते काम घरी संगणकावर अधिक विचाराने करता येते. चित्राचा आकार पूर्ण आणि दर्जा ‘फाइन’ ठेवला तर कापायला जागाही भरपूर असते. सहा बाय चार इंचाच्या चांगल्या प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेलच्या आसपास पुरतात, ए४ आकाराला साधारण नऊ. त्यामुळे २० मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली तरी उरलेल्या पाचातून अल्बमची प्रिंट आरामात निघते. कॅमेऱ्यात ‘रॉ’ची, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद तशीच जतन करण्याची, सोय असेल आणि संगणकावर बसायची तयारी असेल तरच ती वापरावी. चित्रावर तारीख छापण्याचा पर्याय मात्र बंदच ठेवावा, घड्याळ बरोबर लावले की तारीख फाइलमध्ये आपोआप नोंदली जाते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगछटेप्रमाणे चित्रातले रंग जुळवणारी सेटिंग, बहुतेक वेळा ऑटोवर ठीक असतो. हळदीचा कार्यक्रम हा त्याला ठळक अपवाद. समोर सगळेच पिवळे दिसल्यावर कॅमेरा तो पिवळेपणा दिव्याचा दोष समजून निळा रंग मिसळतो आणि हळद फिकट दिसते. दिवसाउजेडी अंगणात ‘डेलाइट’ लावले की रंग जागेवर येतात. मंडपाच्या रंगीत कापडातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यांवर पडत असेल, तर कोणताही व्हाइट बॅलन्स पुरा पडत नाही; माणसांना कडेला, मोकळ्या उजेडात आणावे.

पावसाळ्यात सेटिंगपेक्षा दमट हवेची काळजी जास्त घ्यावी लागते. झूमची नळी बाहेर येताना कॅमेरा बाहेरची हवा आत ओढतो, आणि तिच्याबरोबर ओल व धूळही आत जाते. वातानुकूलित गाडीतून उतरून थेट येऊरच्या पावसाळी हवेत झूम उघडला तर थंड भिंगांवर वाफ धरते. उतरण्यापूर्वी कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा.

चकतीवर ‘सी’ किंवा ‘एमआर’ अशी खूण असेल तर दोन मांडण्या तिथे जतन करून ठेवता येतात. एक उघड्यावरच्या झूमसाठी: शटरप्रधान, १/१०००, आयएसओ कमाल ८००, मधला चौकोन. दुसरी सभागृहासाठी: आयएसओ कमाल १६००, शटर १/१००, फ्लॅश आणि दिवा बंद, कॉम्पेन्सेशन उणे १. ही सोय नसलेल्या कॅमेऱ्यात मात्र पिशवीतून कॅमेरा काढताच कॉम्पेन्सेशनचा आकडा आधी पाहावा. अनेक कॅमेरे बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तो आकडा तसाच ठेवतात, आणि रात्री रंगमंचासाठी लावलेला उणे १ दुसऱ्या दिवशी सकाळच्या सगळ्या चित्रांना लागतो.